लाईन आली की सगळ्या मोटारी एकदम नकोत



गटवार बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, आपला कारखाना बगॅसवर वीज करतो. मग गावची लाईन गेली की कारखान्याचे दिवे चालू अन् आमच्या मोटारी बंद, असं का?" प्रश्न रास्त आहे.

ज्यांनी ऑइल इंजिनवर गुऱ्हाळ चालविले, त्यांना उत्तर लवकर उमजेल. चरकात एकदम जास्त ऊस घातला की इंजिन दबते. जड फ्लायव्हील तेवढा क्षण भार ओढून नेते, मग गव्हर्नर डिझेल वाढवतो. विजेचेही तसेच. देशाची लाईन सेकंदाला ५० आवर्तनांवर चालते. भार वाढला की आवर्तने घटतात, भार सुटला की वाढतात. पहिला धक्का मोठमोठ्या टर्बाईनचे फिरते वजन सोसते. तोल फारच गेला तर काय होते, ते ३० व ३१ जुलै २०१२ रोजी दिसले. आधी उत्तर भारत, दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला.

बाहेरची लाईन गेली की आपल्या स्विचयार्डातला ब्रेकर उघडतो आणि कारखाना बेटासारखा स्वतःपुरता चालतो. हल्ली ज्याला मायक्रोग्रीड म्हणतात ते हेच. बाहेर जाणारी वीज अचानक थांबल्याने टर्बाईन पळू लागते, गव्हर्नर वाफ आवळतो. तो चुकला तर गाळप बंद, आणि गव्हाणीपुढे तुमच्याच गाड्या तिष्ठत. अशा वेळी गावाला वीज सोडावी, तर खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. शिवाय सबस्टेशनखालचा सगळा भार अंगावर आला तर यंत्र बसणारच.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, दुसरा टप्पा २०२३ मध्ये. जिथे ती पोचली तिथे दिवसा पाणी देता येते, रात्री बिबट्याच्या भीतीने बांध तुडवावे लागत नाहीत. पण पॅनेलला फिरते वजन नाही. ढग आला की वीज झटक्यात घटते. लाईन मेली की, ऊन कितीही असो, इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. कारण तेच, वायरमनचा जीव. बॅटरी व वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर बसविला तर तेही बेट करून चालेल, पण खर्च मोठा.

आता आपल्या हातातले. थेट चालू होणारी मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डी.पी.वर ५ अश्वशक्तीच्या १० मोटारी, साऱ्यांना ऑटो स्विच. लाईन येताच दहाही एकदम उठतात, डी.पी.वर क्षणभर ५०-६० मोटारींचा भार! फ्यूज गेला तर नशीब, डी.पी. जळाली तर ऐन एप्रिलात खोडवा वाळतो. रात्री दोनला लाईन आल्यावर विहिरीवर कोण जाणार, म्हणून ऑटो स्विच लावला, हे मलाही कळते. दिवसाच्या वाहिनीवर मात्र ती सबब उरत नाही.

तेव्हा ऑटो स्विच काढा. मोटारीच्या अश्वशक्तीप्रमाणे कपॅसिटर बसवा. जादा मोठा बसवून जादा फायदा नाही. एका डी.पी.वरच्या सभासदांनी एकत्र बसून पाच-पाच मिनिटांच्या अंतराने मोटारी चालू करण्याचा क्रम ठरवावा व तो कागद प्रत्येकाने स्टार्टरच्या पेटीत चिकटवावा.

— ऊस विकास अधिकारी