खापरपणजीचे माहेर

आपल्या घरची वंशावळ उलगडून पाहा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी ती उतरत जाते. परंतु ज्यांच्या पोटी हे पुरुष जन्मले, त्या स्त्रियांना तीत बहुधा जागा नसते. करवीर इलाख्यातील एखाद्या खेड्यात १८६० च्या सुमारास जन्मलेल्या आपल्या खापरपणजीचे कूळ कसे शोधावे, याचा आज विचार करावयाचा आहे.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेच्या शिरगणतीत १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत; १८५० पासून गुलाम नसलेल्या प्रत्येक माणसाचे नाव येऊ लागले. तरीही विवाहाने आडनाव बदलले की तेथील शेतकरी स्त्रीचा माग हरपतो. आपल्याकडे तर पाळण्यातले नावही पुष्कळदा बदलत असे.

यास्तव पहिला नियम असा की, स्त्रीचा शोध सासर आणि माहेर अशा दोन्ही गावी घ्यावा. प्रारंभ घरातील वृद्ध स्त्रियांपासून करावा. माहेरचे गाव, देवक, कुलदैवत, भावांची नावे, जे आठवेल ते टिपून घ्यावे. आपल्या भागातील दोन चालींचा येथे उपयोग होतो. नातीला आजीचे नाव ठेवीत. आणि मामाची मुलगी करीत. त्यामुळे आजीचे माहेर तेच खापरपणजीचेही असण्याचा संभव असतो. अर्थात हा केवळ तर्क. त्याला आधार हवा.

तो आधार कित्येकदा हेळव्यापाशी मिळतो. कानडीत ‘हेळु’ म्हणजे सांगणे. सुगीनंतर बैल घेऊन दारी येणारा, वही उघडून कूळ सांगणारा आणि धान्य घेऊन जाणारा हा वंशकथक कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांत परिचित आहे. त्याच्याकडून केवळ पुरुषांची नावे ऐकून थांबू नये. सोयरीक कोठे झाली, हे आवर्जून विचारावे. माहेरच्या घराण्याचा हेळवी निराळा असेल, तर त्यालाही गाठावे.

नंतर कागद पाहावे. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यांत आणि जमिनीच्या फेरफारांत विधवा वारस म्हणून स्त्रीचे नाव येऊ शकते. दत्तकपत्र, अन्नवस्त्राचा तंटा, चोळीबांगडीसाठी दिलेली जमीन, येथेही ती भेटते. करवीर संस्थान १ मार्च १८४९ नव्हे, तर १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याचे जुने दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. त्यातील पुष्कळ लेखन मोडीत असल्याने जाणकाराचे साहाय्य घ्यावे. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. शके १७८२ म्हणजे १८६०. माहेर निपाणी-चिकोडीकडचे असल्यास शोध आजच्या कर्नाटकात न्यावा लागेल.

सावित्रीबाई फुले यांचे माहेर नायगावचे नेवसे घराणे, हे आपण जाणतो ते त्यांच्या कर्तृत्वामुळे. इतर असंख्य स्त्रियांची ओळख घरच्यांच्या स्मरणावरच अवलंबून आहे. २००५ च्या कायद्याने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला; वंशावळीत मात्र ती अद्याप अनेक घरी दिसत नाही. कागद दप्तरात राहतात, वृद्धांची स्मृती त्यांच्याबरोबर जाते. म्हणून विचारावयाचे ते आजच विचारावे, आणि प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या आईचे नाव व तिचे माहेर लिहून ठेवावे.