हायमेटसचा मध आणि आमचा ओवा

अथेन्स शहराला खेटून हायमेटस नावाचा डोंगर आहे. उंची हजार मीटरच्या थोडी वर, जमीन खडकाळ, उन्हाळा कोरडा, झाडोरा खुरटा. बालाघाटच्या माळांवर वाढलेल्या माणसाला तो काही फार परका वाटणार नाही. या डोंगराचा मध मात्र दोन-अडीच हजार वर्षांपासून नावाजलेला आहे आणि त्याचे श्रेय थाइम नावाच्या गुडघाभरही न वाढणाऱ्या झुडपाला जाते. जून-जुलैत, बाकी सगळे रान करपलेले असताना, हे झुडूप जांभळट फुलांनी भरते. माश्यांना दुसरीकडे जायला जागाच नसते, म्हणून पोळ्यात जवळपास एकाच फुलाचा मध साठतो. रोमन कवी व्हर्जिलने आपल्या शेतीविषयक काव्याचा चौथा भाग सबंध मधमाश्यांना दिला, त्यातही थाइम आहे. सिसिली बेटावरच्या हिब्लाचा मधही याच झुडपामुळे गाजला. पुढे १८६०च्या दशकात सोन्याच्या शोधात न्यूझीलंडच्या ओटागो भागात गेलेल्या खाणकामगारांबरोबर थाइम तिथे पोचले, डोंगरभर पसरले, आणि आज तिथूनही थाइमचा मध जगभर विकला जातो.

हा मध आता आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळतो. बाटलीवर खोकला, घसा, प्रतिकारशक्ती असे शब्द असतात आणि किंमत पाहून घसा आपोआप कोरडा पडतो. थाइमला औषधी म्हणून जो मान आहे तो खोटा नव्हे. प्राचीन इजिप्तमध्ये प्रेते टिकवण्याच्या मसाल्यात, युरोपात खोकल्याच्या काढ्यात, लेबनॉन-सीरियाकडे रोटीवर घालायच्या झातरमध्ये, असा त्याचा वापर सांगितला जातो. जर्मनीत तर थाइमचे कफ सिरप आजही औषधाच्या दुकानात मिळते. २००६ साली तिथे तीव्र ब्राँकायटिसच्या ३६१ रुग्णांवर थाइम आणि आयव्ही या वेलीच्या पानांच्या अर्काची चाचणी प्रसिद्ध झाली. सात ते नऊ दिवसांत अर्क घेणाऱ्यांची खोकल्याची उबळ सुमारे ६९ टक्क्यांनी उतरली, नुसते गोड पाणी घेणाऱ्यांची ४८ टक्क्यांनी. म्हणजे गुण आहे, पण निम्मा खोकला तसाही आपल्या पायांनीच जातो.

या गुणातला मोठा वाटा थायमॉल या द्रव्याचा. ते १७१९ साली जर्मन रसायनज्ञ कॅस्पर नॉयमान याने थाइमच्या तेलातून वेगळे काढले. पांढरे स्फटिक, झणझणीत वास, जंतू आणि बुरशी दोन्हींना मारक. दात घासायच्या पावडरीत, गुळण्यांच्या औषधात, जखमेच्या मलमात ते आजही असते.

आणि इथे नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या कंधारचा संबंध येतो. मन्याडच्या खोऱ्यात, राष्ट्रकूटांच्या या जुन्या राजधानीत थाइमचे रोपटे कुंडीत लावले तरच दिसेल. थायमॉल मात्र घरोघर आहे. ते ओव्यात आहे.

ओव्याच्या दाण्यात साधारण दोन ते चार टक्के उडते तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग थायमॉलच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात थाइम आणि ओवा यांचे काही नाते नाही. थाइम तुळशीच्या कुळातले, ओवा धने-जिऱ्याच्या कुळातला. दोन वेगळ्या कुळांनी एकच द्रव्य बनवले आहे. तुळशीच्या कुळातला आमच्या दारचा थाइमचा चुलतभाऊ म्हणजे पानओवा, जाड लवदार पानांचा, ज्याची पावसाळ्यात भजी होतात. त्याच्याही पानात थायमॉल आणि त्याचे भावंड कार्व्हाक्रॉल सापडते.

पहिल्या महायुद्धापूर्वी जगातले बरेचसे थायमॉल जर्मनीत तयार होई, तेही थाइमपासून नव्हे, हिंदुस्थानातून जहाजाने गेलेल्या ओव्यापासून. १९१४ साली युद्ध पेटले, तो व्यापार तुटला आणि दोस्त राष्ट्रांत थायमॉलची चणचण झाली. ही चणचण साधी नव्हती, कारण आकडीच्या जंतांवर, म्हणजे हुकवर्मवर, तेव्हा थायमॉल हेच मुख्य औषध होते. इटलीच्या कॅमिलो बोत्सोलो या डॉक्टरने १८८०च्या सुमारास ते वापरात आणले. अमेरिकेच्या दक्षिणेत रॉकफेलर कमिशनने १९०९ ते १९१४ या काळात हुकवर्मविरुद्ध जी मोहीम चालवली, तिचे हत्यारही तेच. मात्रा काही ग्रॅमची असे, रुग्णाला तेलकट खाणे आणि दारू बंद, कारण शरीरात जास्त शोषले गेले तर तेच विष. मागोमाग जुलाब. आमच्या आज्या पोरांच्या पोटातल्या जंतांवर गुळात ओवा कालवून गोळी देत, ती याच दिशेची, फक्त मात्रा कितीतरी सौम्य. आज जंतांवर अल्बेंडाझोलची गोळी शाळेत फुकट मिळते. तीच द्यावी.

मराठवाड्यात ओवा काय काय करतो याची यादी कुठल्याही घरातली बाई न थांबता सांगेल. धपाट्यांत ओवा, चकलीच्या पिठात ओवा, शेवेत, कडबोळ्यांत, भज्यांत ओवा. हरभऱ्याचे पीठ जिथे, तिथे ओवा, कारण पोटातला वारा. जेवण जड झाले की चिमूटभर ओवा आणि सैंधव, वर कोमट पाणी. बाळंतिणीच्या विड्यात ओवा, तिच्या खोलीत शेगडीवर ओव्याची धुरी. लहान मुलाची छाती भरली की तव्यावर ओवा भाजायचा, सुती फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायची आणि मग बाळाच्या छातीपाठीला शेक द्यायचा. भाजताना दाणा तडकतो, तेल वाफ होऊन सुटते, खोली त्या वासाने भरते. उबेने बाळाला आराम वाटतो, वासाने चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे होते. धुरीचे मात्र मी समर्थन करणार नाही. बंद खोलीतला धूर नवजात बाळाच्या फुप्फुसाला वाईटच, त्यात ओवा असो की आणखी काही.

आयुर्वेदात ओव्याला यवानी म्हणतात. अरुचीवर यवानी षाडव चूर्ण आजही वैद्य देतात. एक सावधगिरी सांगायला हवी. अत्ताराच्या दुकानात खुरासानी ओवा म्हणून जो मिळतो तो वेगळाच, धोत्र्याच्या कुळातला आणि विषारी. नाव सारखे म्हणून घरगुती औषधात तो घालू नये.

त्याच अत्ताराकडे ओव्याचे फूल मिळते. फूल नावाचेच, प्रत्यक्षात ते स्फटिकरूप थायमॉल. घरची अमृतधारा करायची तर ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर सारख्या वजनाने बाटलीत घालायचे, बूच लावायचे आणि हलवायचे. तिन्ही कोरडे, पांढरे, स्फटिक. थायमॉल सुमारे ५० अंशांना वितळते, पुदिन्याचे फूल ४२ अंशांच्या आसपास, कापूर तर पावणेदोनशेच्या घरात. पण एकत्र आले की आधी कडा ओलसर होतात, मग खडे एकमेकांना चिकटतात आणि पाहता पाहता बाटलीत पाण्यासारखा पातळ द्रव उरतो. मिश्रणाचा वितळणबिंदू प्रत्येकाच्या स्वतंत्र बिंदूपेक्षा खाली येतो, एवढेच त्याचे शास्त्र. ही मिश्रणाची युक्ती लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमृतधारा या नावाने बाजारात आणली आणि पुढे ती देशभर घरगुती झाली. पोटदुखीला बत्ताशावर दोन थेंब, डोकेदुखीला कपाळावर एक. डोळ्याजवळ न्यायची नाही आणि लहान मुलांना पाजायची नाही, कापूर पोटात गेल्याने त्यांना झटके येऊ शकतात.

आता पुन्हा मधाकडे. थाइमच्या मधाबद्दल सर्वसाधारण समज असा की त्यात थाइमचे औषध उतरलेले असते. ग्रीक थाइम मधाच्या वासाचे पृथक्करण झाले आहे. त्यात ओळखीची खूण ठरते ती फिनाइलअॅसिटाल्डिहाइड या सुगंधी द्रव्याची. थायमॉल असलेच तर लेशमात्र. कारण उघड आहे. थायमॉल झुडपाच्या पानांवरच्या बारीक तेलग्रंथींत असते, माशी पान चावत नाही, ती फुलातला रस घेते. तेव्हा तो मध चवीला अप्रतिम असेल, थाइमचा काढा तो नव्हे. उलट आपल्याकडे खोकल्याला ओव्याची पूड मधात कालवून चाटवतात. अर्धा ग्रॅम ओवा धरला तरी त्यात पाच ते दहा मिलिग्रॅमच्या घरात थायमॉल येते. महागड्या बाटलीपेक्षा या चाटणात थायमॉल जास्त असते, आणि ज्यांना थाइमचा गुण हवा आहे त्यांनी पैसे कुठे घालायचे हे यावरून ठरवावे. मधाचा स्वतःचा गुण वेगळा. एक वर्षावरच्या मुलांच्या खोकल्यात काहीच न देण्यापेक्षा मध देणे बरे, असा २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याचा सूर आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचे बोटसुद्धा लावू नये. जन्मल्या बाळाला मध चाटवायची आपली जुनी रीत आहे, पण मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीज असू शकते आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजते.

ओव्याच्या फुलांचा मध असतो का? असतो, आणि चांगला असतो. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशात ओव्याची शेती आहे. नीमच आणि जामनगरच्या बाजारात ओव्याचे मोठे सौदे होतात. उत्तरेतले मधपाळ पेट्या ट्रकवर लादून फुलोऱ्याच्या वेळी त्या शेतांत नेतात. हा मध गडद तांबूस, चवीला किंचित तिखटपणाची झाक असलेला. ओव्याचे फूल धन्यासारखेच, बारीक पांढरे, छत्रीसारख्या झुबक्यात उघडे. रस वरच असतो, त्यामुळे मोठ्या माशीपासून चिलटापर्यंत सगळ्यांची सोय होते. रब्बीत कुणी धने धरले असतील तर सकाळी दहाच्या उन्हात त्या वावराच्या बांधावर उभे राहून पाहा, सगळे शेत गुणगुणत असते.

कंधार-लोह्याच्या रानात माश्यांचा असा चारा एकेकाळी बारा महिने होता. आश्विनात बांधावरचे कारळ आणि तीळ, पौष-माघात करडई, फाल्गुनात पळस, चैत्रात कडुलिंब. करडई आणि सूर्यफूल ही तर मराठवाड्याची पिके. लातूरला कृषी विद्यापीठाचे गळीतधान्य संशोधन केंद्र आहे, परभणीने करडईचे वाण दिले. सूर्यफुलाचे दाणे नीट भरायला माश्या लागतात हे शेतकऱ्याला ठाऊक होते. मग सोयाबीन आले, पैसा लवकर हाती येऊ लागला आणि करडईचे काटे कुणालाच नकोसे झाले. सोयाबीन स्वतःच्याच परागावर भरते, माशीवाचून त्याचे अडत नाही. मग फवारणी कोणत्या वेळी करावी याचा विचार तरी कोण करणार?

उरले ते आग्यामोहळ. चिंचेच्या उंच फांदीवर, पाण्याच्या टाकीखाली, पडक्या कमानीत. ते काढायची आमच्याकडची पद्धत म्हणजे पाचटाचा टेंभा, रात्रीची वेळ आणि हजारो माश्यांची राख. मग पोळे अंडी-अळ्यांसकट हाताने पिळायचे. तो मध फसफसतो, महिना टिकत नाही, तरी अस्सल म्हणून खपतो. दुसरीकडे बाटलीतल्या मधाचे म्हणाल तर २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँड तपासले आणि एनएमआर या कसोटीला त्यातले तीनच उतरले. कंपन्यांनी तो निष्कर्ष नाकारला. गिऱ्हाईक अधांतरी राहिले.

राज्यात मधाचे काम महाबळेश्वरच्या बाहेर हळूहळू सरकते आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, पुढे कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातले पाटगाव. ही दोन्ही गावे सह्याद्रीच्या जंगलातली, तिथे जांभूळ, हिरडा, कारवी आहे. मराठवाड्यात तसे जंगल फारसे नाही, पण शेतीचे पीक हेच आमचे रान होऊ शकते. करडई, धने, ओवा, कारळ यांचा पट्टा जिथे सलग मिळेल तिथे पेट्या चालतील, आणि पेट्या असतील तर त्याच पिकांचा उताराही वाढेल. अजमेरजवळच्या तबिजी येथील बीजीय मसाला संशोधन केंद्राने ओव्याचे वाण काढले आहेत, कोरड्या हवेत येणारे. ओव्याला पाणी कमी लागते, आणि वासामुळे जनावर सहसा त्याच्या वाटेला जात नाही.

गंमत म्हणजे पेट्यांतल्या माश्यांच्या अंगावर व्हरोआ नावाची कोळकिडी चिकटते आणि वसाहत संपवते, तिच्यावर जगभरच्या मधपाळांचा एक उपाय थायमॉल हाच आहे. ओव्याच्या फुलाचे स्फटिक पेटीत ठेवले की वाफेने किडी गळतात. मात्रा चुकली तर माश्याही पेटी सोडतात, म्हणून हे प्रशिक्षण घेतल्यावाचून करू नये.

प्रशिक्षण आणि पेट्या, दोन्हींची सोय आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान मिळते, निम्मे पैसे स्वतःचे घालावे लागतात. वैयक्तिक मधपाळासाठी अट साक्षर असण्याची आणि १८ वर्षे पूर्ण असण्याची. अर्ज नांदेडला आणि लातूरला जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करायचा. ज्यांना पेट्या ठेवायच्या नाहीत त्यांनी एवढे तरी करावे: करडई-धने फुलात असताना फवारणी दिवस मावळल्यावर करावी आणि चिंचेवरचे मोहळ जाळू नये.