जुनी पिकअप काय सांगते?

व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, अध्यात्म यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही एका खडखडणाऱ्या गाडीविषयी बोलणार आहोत. आम्ही इंजिनिअर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता चालकांच्या आणि मिस्त्रींच्या शेजारी बसून जे शिकलो, तेवढेच आमचे भांडवल. परंतु विषय क्षुल्लक नाही.

भाजे गाव बाहेरच्यांना लेण्यांमुळे ठाऊक. गावाचा भात, दूध, सिमेंट, मंडपाचे सामान मात्र वाहते ती पंधरा-वीस वर्षांची पिकअप. मळवली फाटकाचे हादरे, गायमुख खिंडीकडे चढणारा रस्ता आणि मावळचा पाऊस या तिन्हींचा मार तिच्या स्टिअरिंगला व पाट्यांना सोसावा लागतो. सांधे झिजतात, ग्रीस धुऊन जाते, रबरी बुश चिरतात. मोठी मोडतोड होण्यापूर्वी गाडी बहुधा आवाज देते, आणि तो प्रथम ऐकतो चालक. तो आवाज कसा ओळखावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिला नियम असा की, 'आवाज कसला?' हे विचारण्याआधी 'आवाज केव्हा?' हे विचारावे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना, की खड्ड्यात? ब्रेक दाबताना, की वेग वाढताना? गाडी रिकामी असताना, की भरलेली असताना? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग फिरवताना घुरघुर ऐकू आली, तर पॉवर स्टिअरिंगचे तेल पाहावे. तेल कमी असेल किंवा त्यात फेस दिसत असेल, तर गळती शोधावी. किंचाळल्यासारखा आवाज बहुधा सैल पट्ट्याचा असतो. कोरडी कुरकुर आली, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट ग्रीस मागत आहे असे समजावे.

स्टिअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवताच 'खट्' असा आवाज येतो, तो अधिक गंभीर. येथे दोन माणसे लागतात. चाके जमिनीवर, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. एकाने स्टिअरिंग वळवण्यापुरते नव्हे, तर नुसते झुलवावे. दुसऱ्याने बाजूने पाहत टाय रॉडचे टोक, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट यांना एकेक करून हात लावावा. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी मागाहून हलते, तेथे 'प्ले' आहे. डोळ्याला न दिसणारा खटका बोटाला कळतो.

आता खड्ड्यांकडे वळू. बारीक खड्ड्यांवरून टकटक येत असेल, तर शॉकअपचे वरचे-खालचे बुश पाहावेत. मोठ्या खड्ड्यात 'धाड' असा दणका बसून गाडी डोलत राहिली, तर शॉकअपचे काम संपले आहे. भरल्या गाडीत पाट्यांची करकर होते, ती पाटे एकमेकांवर घासल्याची. ती पुष्कळदा निरुपद्रवी असते. परंतु गाडी एका बाजूस झुकलेली दिसली, तर पाटा तुटला आहे का हे पाहावे. गाडी निघताना किंवा ब्रेक दाबताना मागून ठोका ऐकू आला, तर यू-बोल्ट आणि शॅकल तपासावेत. यू-बोल्ट ढिला झाला की ॲक्सल जागेवरून सरकू शकतो. मग स्टिअरिंग सरळ असूनही गाडी सरळ जात नाही.

कुरकुरणारा बुश कोणता हे कळत नसेल, तर एकेका बुशवर साबणाचे पाणी टाकून गाडी हलवून पाहावी. पाणी पडताच क्षणभर आवाज थांबला, तर बुश तोच. तेथे इंजिनाचे तेल ओतू नये. तेलाने रबर फुगते व कुजते.

वेगाबरोबर वाढणारी गुणगुण मात्र बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. डाव्या वळणावर वजन उजव्या चाकांवर जाते. तेथे गुणगुण वाढली, तर संशय उजवीकडे घ्यावा. खात्रीसाठी मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकने उचलावे आणि गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे. खडखड झाली, तर दुसऱ्याला ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबताच खडखड गेली, तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली, तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडची झीज कळते.

कुरकुर चार दिवस थांबू शकते. 'खट्' थांबू शकत नाही. टाय रॉडचा सांधा उतारावर निखळला, तर चालकाच्या हातात केवळ एक चक्र उरते.

येथेच हा प्रश्न यंत्राचा न राहता माणसांचा होतो. चालक आवाजाची तक्रार करतो, आणि मालक म्हणतो, 'चालते ना अजून?' मालकाचीही अडचण आम्ही जाणतो. एक दिवस गाडी उभी राहिली की भाडे बुडते. परंतु 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 190 दोघांनाही धरते. ज्याला धोकादायक दोष ठाऊक होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, असा गाडी चालवणारा आणि ती चालवू देणारा, दोघेही जबाबदार ठरतात. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी वर्षातून एकदा होते. उरलेले दिवस तपासणी चालकाच्या कानानेच व्हावयाची असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गाडीत एक वही ठेवावी. तारीख, आवाज केव्हा येतो, कोठून येतो, हे चालकाने लिहावे, आणि काय दुरुस्ती केली ते लिहून मालकाने सही करावी. लिहिलेली तक्रार सहजासहजी विसरली जात नाही, आणि उद्या दोष कोणाचा हा वाद निघाला, तर गरीब माणसाच्या बाजूने तीच वही बोलते. पावसाळा जवळ आला आहे. पहिल्या सरीपूर्वी प्रत्येक निपलमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे, पावसात हे काम दर महिन्यास करावे, आणि वहीचे पहिले पान याच आठवड्यात लिहावे.