अर्ज भरणारे यंत्र आणि सहीचा अधिकार

व्यापाऱ्याच्या घरी पूर्वी नोकरीच्या अर्जाची चर्चा फारशी होत नसे. मुलगा हिशेब शिकला की पेढीवर बसे, आणि बाहेर काम पाहावयाचेच झाले तर एखाद्या ओळखीच्या आडत्याची चिठ्ठी पुरेशी होई. ती स्थिती आता उरलेली नाही. माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स १९५७ साली, जिवाजी विद्यापीठ १९६४ साली आणि अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था १९९७ साली, अशी शिक्षणाची सोय आपल्या ग्वाल्हेरातच होत गेली. परंतु त्या शिक्षणास साजेशी कामे गावात तेवढ्या प्रमाणात निघाली नाहीत, आणि बिर्लानगरची जियाजीराव गिरणी तर बंदच पडली. साहजिकच लष्कर आणि मुरार येथील आपल्या अनेक घरांतील मुलेमुली पुणे, बंगळूर, गुरुग्राम येथील कंपन्यांकडे अर्ज धाडीत असतात. योगायोग असा, की १९९७ हेच ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाल्याचेही वर्ष होय.

या अर्जांची संख्या वाढली तसा तरुणांचा कंटाळाही वाढला. तेच नाव, तेच गुण, तोच पत्ता पन्नास ठिकाणी लिहावयाचा! या कंटाळ्यावर उपाय म्हणून स्वयंचलित अर्ज भरणारी साधने बाजारात आली असून, त्यांपैकी कोणते घ्यावे असा प्रश्न आता घरोघरी मुले वडीलधाऱ्यांना विचारू लागली आहेत. आमच्या मते त्याचे उत्तर देण्यास संगणकाचे ज्ञान फारसे लागत नाही. पेढीचे ज्ञान पुरते.

साधने मुख्यतः दोन जातींची आहेत. ‘सिम्प्लिफाय’सारखे साधन ब्राउझरला जोडले जाते, अर्जातील रकाने आपल्या माहितीने भरते आणि थांबते, अर्ज वाचून तो धाडण्याचे बटण उमेदवाराने स्वतः दाबावयाचे असते. ‘लेझीअप्लाय’च्या धर्तीची साधने याहून पुढे जातात. ती जागा शोधतात, प्रश्नांची उत्तरे देतात आणि अर्ज धाडूनही मोकळी होतात. दिवसाला शेकडो अर्ज, अशी त्यांची जाहिरात असते. पहिला झाला आपला लेखनिक. दुसऱ्याच्या हाती आपण मुखत्यारपत्र दिले.

आता हिशेब पाहू. ‘वायर्ड’ या अमेरिकी मासिकाने २०२३ साली एका तंत्रज्ञाचा अनुभव प्रसिद्ध केला होता. दुसऱ्या जातीच्या साधनाने त्याने सुमारे ५,००० अर्ज धाडले, तेव्हा त्यास २० च्या आसपास मुलाखती मिळाल्या. तेवढ्याच मुलाखती त्यास पूर्वी हाताने केलेल्या दोन-तीनशे अर्जांतून मिळालेल्या होत्या. म्हणजे यंत्राने अडीचशे अर्जांमागे एक, आणि हाताने दहा ते पंधरा अर्जांमागे एक. वेळ वाचला हे खरेच, आणि वेळेसही मोल आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु उरलेल्या हजारो ठिकाणी आपल्या नावाने काय लिहिले गेले, हे त्या उमेदवारास ठाऊक असण्याचा संभव फार थोडा. पुढे त्यांपैकीच एखाद्या कंपनीत मनाजोगी जागा निघाली, तर तेथे त्याचे नाव आधीच एका भलत्याच जागेच्या अर्जावर नोंदलेले असावयाचे.

अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणे आपल्या गावास नवीन नाही. मध्य प्रदेश शासन आणि टाटा कन्सल्टन्सी यांच्या भागीदारीत २००६ साली निघालेल्या ‘एमपी ऑनलाइन’चे कियोस्क आपल्या परिचयाचे आहेत. तेथे बसलेला माणूस अर्ज भरतो; परंतु शहाणा उमेदवार त्याच्या पाठीशी उभा राहून नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, सारे पडद्यावर वाचतो आणि मगच शुल्क भरतो. एवढी दक्षता मुले परीक्षेच्या अर्जास दाखवितात, मग खाजगी नोकरीच्या अर्जास का दाखवू नये, हे आम्हांस कळत नाही.

कारण चुका तेथेही होतात, आणि त्या चमत्कारिक असतात. पुष्कळशी साधने अमेरिकेतील अर्ज डोळ्यांपुढे ठेवून रचलेली आहेत. आपल्याकडे गुणांचे माप दहापैकी, तिकडे चारपैकी. आपण पगार लाखांत सांगतो. ‘६’ हा आकडा रुपयांच्या रकान्यात जाऊन बसला, की मुलगा वर्षाला सहा रुपयांवर राबावयास तयार झाला! हे हसण्यावारी नेता येईल. परंतु ‘या कामाचा किती वर्षे अनुभव आहे?’ या प्रश्नास यंत्राने अंदाजाने ‘तीन’ असे उत्तर ठोकून दिले, तर ती खोटी नोंद होते, आणि ती यंत्राच्या नावे न पडता मुलाच्या नावे पडते. मोठ्या कंपन्या नेमणुकीच्या सुमारास कागदपत्रांची पडताळणी करवितात. तेथे तफावत आढळल्यास हाती आलेली नोकरी जाऊ शकते. मुनीम कितीही हुशार असला तरी हुंडीवर सही करण्याचा अधिकार मालक त्यास सहजासहजी देत नसे, तो याच कारणाने. म्हणून आम्ही पहिल्या जातीच्या साधनाच्या बाजूचे आहोत. ज्यात शेवटचे बटण आपल्या हाती राहत नाही ते साधन, मग ते फुकट का मिळेना, घेऊ नये.

पासवर्डाची गोष्ट याहून नाजूक. काही साधने लिंक्डइनच्या खात्यात शिरून काम करतात. लिंक्डइनच्या अटींत अशा यांत्रिक वापरास मनाई आहे आणि तसे आढळल्यास खाते बंद होऊ शकते. वर्षानुवर्षे जोडलेल्या ओळखी त्यासरशी जातात. शिवाय आपला पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख, पूर्वीचा पगार एवढे सारे परक्याच्या दप्तरी जमा होते. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. तोवर, आणि त्यानंतरही, माहिती पुसून टाकण्याची सोय साधनात आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. आधार आणि पॅन यांचे क्रमांक तर मुळीच देऊ नयेत. वर्गणी डॉलरांत असते आणि दरमहा कार्डातून आपोआप कापली जाते, हेही ध्यानात असावे.

साधन पारखण्याची रीत सोपी आहे. एकाच जागेचा अर्ज त्याच्याकडून भरून घ्यावा आणि वडील व मुलगा यांनी शेजारी बसून ओळ न् ओळ वाचावा. दहा रकान्यांत दोन चुका निघाल्या तर ते साधन तेथेच सोडावे. उतरले, तर कोणत्या तारखेस, कोणत्या कंपनीस, कोणत्या जागेसाठी, कोणता परिचयपत्रक धाडला याची वही ठेवावी. रोजमेळ लिहिणाऱ्या घरात हे शिकवावे लागू नये. केंद्र शासनाची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ ही सेवा २०१५ पासून विनामूल्य चालू आहे, तीही चाळून पाहावी.

आपल्यापैकी जे स्वतः माणसे नेमतात, त्यांसही या यंत्रांची झळ लागतेच. दाल बाजारातील दुकानास जीएसटी जाणणारा हिशेबनीस हवा असतो, आणि जाहिरात संगणकावर टाकताच मुंबई-हैदराबादचे अर्ज येऊन पडतात, ज्यांच्या मालकांना ग्वाल्हेरास येण्याची कल्पनाही नसते. अशा वेळी एक दूरध्वनी करून ‘आपण आमची जाहिरात वाचली का?’ एवढेच विचारावे. निम्मे काम तेथेच उरकते.

आणि मुलास नोकरी लागली, की त्याच दिवशी वर्गणी बंद करावी, पासवर्ड बदलावा व साधनातील खाते पुसून टाकावे. तसे न केल्यास रुजू झाल्यानंतरही दुसऱ्या जातीचे यंत्र त्याच्या नावाने इतरत्र अर्ज धाडीत राहील, आणि त्यांतील एखादा नव्या मालकाच्याच टेबलावर जाऊन पडेल.