टाक्याआधीची गोळी

पाठीवर, कमरेच्या किंचित वर, पातळ पडद्याची ओलसर गाठ घेऊन एखादं बाळ जन्माला येतं. नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘गाठ काढून टाकता येईल ना?’ बालशल्यचिकित्सकाचं उत्तर त्यांना चक्रावून टाकतं. काढायचं काहीच नसतं. जे उघडं पडलंय ते आत ठेवून झाकायचं असतं, कारण त्या गाठीत बाळाचा मज्जारज्जू असतो. या व्यंगाला स्पायना बायफिडा म्हणतात, आणि मज्जारज्जूच बाहेर आलेल्या त्याच्या गंभीर प्रकाराला मायलोमेनिंगोसील. जन्मानंतर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून पाठ बंद करतात. पण पायांतलं बळ, लघवी-शौचावरचा ताबा यांचं जे नुकसान आधीच झालेलं असतं, ते टाके घालून परत येत नाही. बऱ्याच मुलांच्या डोक्यात पुढे पाणी साचतं.

मुलांच्या शस्त्रक्रियेतलं संशोधन कसं चालतं हे समजून घ्यायचं तर या एका आजाराइतकं चांगलं उदाहरण नाही. प्राण्यांवरचे प्रयोग, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या, आईच्या रक्ताचे नमुने, कारखान्यात बनलेली झडप असं सगळं यात येतं. आणि या गोष्टीतला एक महत्त्वाचा, अजून न सुटलेला प्रश्न पुण्यात विचारला गेला आहे.

अठ्ठावीस दिवसांचा खेळ

गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला पेशींची एक सपाट पट्टी असते. करंजीची कड दुमडून बंद करावी तशी ती दोन्ही बाजूंनी वर येते आणि जुळून तिची नळी होते. हीच न्यूरल ट्यूब. तिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. गर्भधारणेपासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत ती पूर्ण बंद व्हायला हवी. वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू-कवटी घडतच नाही आणि बाळ जगत नाही. खालच्या बाजूला उघडी राहिली तर स्पायना बायफिडा. अठ्ठाविसाव्या दिवशी बहुतेक बायकांची पाळी जेमतेम दोन आठवडे लांबलेली असते. सोनोग्राफी, नावनोंदणी, पहिली गोळी हे सगळं त्यानंतर येतं. या लेखातला खरा पेच तो आहे.

शेफिल्डमध्ये ठरलेलं आणि न ठरलेलं

पाठ लगेच बंद करावी की थांबून? इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या शॅरार्ड, झॅकरी, लॉर्बर आणि ब्रूस यांनी हा प्रश्न मतावर न सोडता दोन गटांची तुलना केली आणि १९६३ मध्ये निष्कर्ष छापला: लगेच बंद केलेल्या बाळांच्या पायांतलं बळ अधिक टिकतं. बालशस्त्रक्रियेतल्या सुरुवातीच्या नियंत्रित चाचण्यांपैकी ही एक.

त्याआधी १९५६ मध्ये डोक्यातल्या पाण्याचा प्रश्न एका बापाने हाती घेतला होता. फिलाडेल्फियाजवळचा जॉन हॉल्टर हा यंत्रकारागीर. त्याचा मुलगा हाच आजार घेऊन जन्मला होता. शल्यचिकित्सक युजीन स्पिट्झ यांच्याबरोबर त्याने सिलिकॉनची अशी झडप बनवली जी पाण्याला एकाच दिशेने वाट देते. आजचा ‘शंट’ त्याच घराण्यातला. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधले बालशल्यचिकित्सक डॉ. पुरुषोत्तम उपाध्याय यांनी कमी खर्चातला देशी शंट तयार केला. पुढे उत्तर प्रदेशातल्या शाहजहाँपूरमध्ये बनणारा स्वस्त छाब्रा शंट युगांडात महागड्या परदेशी शंटसमोर पारखला गेला. बेंजामिन वॉर्फ यांनी २००५ मध्ये १९५ मुलांचे निकाल मांडले तेव्हा वर्षभरानंतर दोन्ही शंटमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. गरीब देशातल्या रुग्णालयांना या एका उत्तराने किती पैसे वाचवता आले असतील!

मुलं जगू लागली तसा अवघड प्रश्न उभा राहिला. लॉर्बर यांनी १९७१ मध्ये सरसकट उपचार केलेल्या ५२४ मुलांचा हिशेब मांडला आणि फार गंभीर व्यंग असलेल्यांवर शस्त्रक्रिया करू नये असं मत दिलं. त्यांचेच सहकारी झॅकरी यांना हे मान्य नव्हतं. एकाच रुग्णालयातली तीच मुलं पाहून दोघे अनुभवी डॉक्टर दोन टोकांना पोहोचले. किती मुलं चालली हे आकडे सांगतात; न चालणारं आयुष्य जगण्याजोगं आहे की नाही हे ते सांगत नाहीत.

आयुष्य खरोखर वाढवलं ते एका साध्या युक्तीने. या मुलांचा मृत्यू अनेकदा मूत्रपिंडं निकामी होऊन होत असे. मिशिगनच्या जॅक लापिडेस यांनी १९७२ मध्ये दाखवलं की निर्जंतुक नसली तरी स्वच्छ धुतलेली नळी ठरावीक तासांनी घालून मूत्राशय रिकामं केलं तर मूत्रपिंडं वाचतात. आज हे काम आई करते आणि मोठं झाल्यावर मूल स्वतः करतं.

आधी मेंढ्या, मग माणसं

पाय जन्माआधीच लुळे का पडतात? मज्जारज्जू मुळातच नीट घडलेला नसतो म्हणून, की उघडा राहून गर्भजलात महिनोन् महिने झिजतो म्हणून? दुसरं खरं असेल तर पोटातच पाठ झाकण्यात अर्थ आहे. हे माणसावर तपासता येत नाही. मार्टिन मॉयली आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या गर्भात हे व्यंग मुद्दाम तयार केलं आणि काही आठवड्यांनी काहींची पाठ गर्भाशयातच बंद केली. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा, त्यामुळे उत्तर लवकर मिळालं. पाठ बंद केलेली कोकरं चालली, न केलेली लुळी राहिली. हा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

यानंतर जगभर पोट उघडून शस्त्रक्रिया सरसकट होऊ लागल्या असत्या तर नवल नव्हतं. अमेरिकेतल्या केंद्रांनी संयम दाखवला. आधी रीतसर चाचणी घ्यायची आणि ती चालू असेपर्यंत तिच्याबाहेर कोणीही ही शस्त्रक्रिया करायची नाही असं ठरलं. जन्माआधी की जन्मानंतर, हे चिठ्ठी टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलं गेलं. २०० गर्भवतींचं उद्दिष्ट होतं, पण फायदा स्पष्ट दिसल्याने १८३ वरच चाचणी थांबवली. २०११ मध्ये छापलेले निकाल असे: वर्षभरात प्रत्यक्ष शंट बसवावा लागलेली मुलं ८२ टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आली. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं २१ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेली. किंमतही तितकीच स्पष्ट नोंदली गेली. बाळं सरासरी ३४ आठवड्यांना, म्हणजे तीन आठवडे आधी जन्मली, आणि आईच्या गर्भाशयावर कायमचा व्रण राहिला. ज्या आईला कोणताही आजार नाही तिच्यावर ही शस्त्रक्रिया होते, हे विसरून चालणार नाही.

आणि तरीही, सर्वोत्तम हातांत, सर्वोत्तम केंद्रांत, निम्म्याहून अधिक मुलं आधाराशिवाय चालू शकली नाहीत. सुरीची मर्यादा यापेक्षा प्रामाणिकपणे कोणत्या आकड्याने सांगावी?

परळहून निघालेली वाट

व्यंग होऊच न देण्याच्या वाटेचं एक टोक मुंबईत आहे. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयावर तिने परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे आज आपण ज्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणतो तो.

फॉलिक अ‍ॅसिड आणि न्यूरल ट्यूब यांचा संबंध असावा अशी शंका इंग्लंडमध्ये १९६५ च्या सुमारास मांडली गेली. रिचर्ड स्मिथेल्स यांनी १९८० मध्ये जीवनसत्त्वं घेणाऱ्या मातांमध्ये हे व्यंग कमी होतं असं दाखवलं, पण त्यांना यदृच्छेने गट पाडायची परवानगी मिळाली नव्हती. ज्या बायका आपणहून गोळ्या घेतात त्या मुळातच अधिक काळजी घेणाऱ्या असतात, हा आक्षेप उरला. म्हणून सात देशांतल्या ३३ केंद्रांत रीतसर चाचणी झाली. आधी असं मूल झालेल्या मातांपैकी निकाल कळलेल्या १,१९५ गर्भारपणांत २७ बाळांना हे व्यंग होतं: फॉलिक अ‍ॅसिड घेतलेल्या गटांत ६, न घेतलेल्यांत २१. धोका ७२ टक्क्यांनी घटला. १९९१ मध्ये ही चाचणी मध्येच थांबवावी लागली, इतका फरक स्वच्छ होता.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचीही अशीच चाचणी त्याच काळात पाच केंद्रांत चालू होती. सात देशांतल्या चाचणीचे निकाल आल्यावर तीही थांबली. ४६६ स्त्रियांच्या त्या अभ्यासात व्यंगाची पुनरावृत्ती सुमारे ३ टक्के विरुद्ध ७ टक्के अशी दिसली. कल तोच, पण संख्या अपुरी.

पुण्याचा प्रश्न

पाश्चात्त्य देशांत फोलेटची, म्हणजे अन्नातल्या फॉलिक अ‍ॅसिडची, कमतरता हेच मोठं कारण होतं. आपल्याकडेही तसंच आहे का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले आहेत. मूळ विषय होता मधुमेह. पण गर्भवतींच्या रक्तात त्यांना अनपेक्षित गोष्ट सापडली. दोनतृतीयांश बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, फोलेट मात्र फक्त एकीत कमी होतं. पालेभाज्या, डाळी खाणाऱ्या समाजात फोलेट असतं. बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. शाकाहारी घरातल्या सुनेच्या वाट्याला चहापुरतं दूध येत असेल तर ते भरून निघणार कुठून? बी-१२ नसेल तर शरीरातलं फोलेट एका रूपात अडकून पडतं आणि पेशींच्या कामी येत नाही.

मग पुण्याच्या डॉ. कौमुदी गोडबोले, डॉ. याज्ञिक आणि इतर शहरांतल्या सहकाऱ्यांनी न्यूरल ट्यूबचं व्यंग असलेल्या बाळांच्या माता आणि निरोगी बाळांच्या माता यांची तुलना केली. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांत फोलेट सारखंच होतं, पण पेशींत शिरू शकणारं ‘कामाचं’ बी-१२ पहिल्या गटात कमी होतं. आयर्लंडमध्येही २००९ मध्ये कमी बी-१२ असलेल्या मातांत धोका दोन-तीन पट आढळला होता. बी-१२ दिल्याने व्यंग टळतं हे यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी चाचणी हवी, आणि हजार जन्मांमागे चार-साडेचार असं प्रमाण असलेल्या व्यंगासाठी ती हजारो स्त्रियांवर करावी लागेल. प्रश्न मात्र आपला आहे. तो आपणच सोडवायला हवा.

मोजणीचंही तसंच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. अनिता कर आणि प्राजक्ता भिडे यांच्या गटाने पुण्यातल्या दोन हजारांवर गर्भवतींचा मागोवा घेतला आणि २०१६ मध्ये सांगितलं की मोठ्या जन्मजात व्यंगांचं प्रमाण हजारी सुमारे २३ आहे. रुग्णालयात पोहोचलेली मुलं मोजली की मधल्या काळात गेलेली, पाडलेली, न आलेली सगळी सुटतात. गर्भारपणापासून मोजलं तरच खरा आकडा हाती लागतो.

गोळी कमी पडते आहे

आता आपल्या धोरणाकडे पाहू. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किशोरींना आणि प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांना आठवड्याला एक लोह-फॉलिक गोळी ठरवली आहे. तिच्यात फॉलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅम. न्यूरल ट्यूबच्या रक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याच्या गोळीत २,८०० मायक्रोग्रॅम सुचवते. म्हणजे आपली गोळी रक्तक्षयापुरती आहे, व्यंग टाळण्यासाठी तोकडी आहे, आणि तिच्यात बी-१२ नाहीच. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ दोन्ही घालायचं ठरलं, हे पाऊल बरोबर आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा अन्नपोषणाचा ठराव केला. त्यासाठी जगभर धडपडलेल्यांत मुलांच्या मेंदू-मज्जारज्जूवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आघाडीवर होते. आपल्या टेबलावर रुग्णच येऊ नये यासाठी झटणारे डॉक्टर, यापेक्षा संशोधनाचं मोठं फलित कोणतं?

वाचकांसाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच. मूल हवं असं ठरल्यापासून, पाळी चुकण्याची वाट न पाहता, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं आणि पहिले तीन महिने चालू ठेवावं. आधी असं मूल झालं असेल तर मात्रा दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅम लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. मधुमेह असेल किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गर्भधारणेआधीच डॉक्टरांशी बोलावं. औषध मनाने बंद करू नये. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्यावं. आणि तुमच्या मुलाला एखाद्या संशोधनात घ्यायचं असं कुणी विचारलं तर घाबरू नका. नीतिसमितीची मान्यता आणि चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक मागा, आणि सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही घेतला जातोय ना ते पाहा. लग्न ठरलेल्या मुलीच्या याद्यांमध्ये शालू, दागिने, हॉल सगळं असतं. त्या यादीत ही गोळी आजच लिहा.