दारावरील आंकडा

साधारणतः दहा वर्षांनीं एकदां आपल्या गांवांत एक पाहुणा दारोदार फिरतो. दाराच्या चौकटीवर तो गेरूनें किंवा रंगानें कांहीं आंकडे लिहितो, घरांतील वडील माणसांस कांहीं प्रश्न विचारतो आणि शेजारच्या दाराकडे वळतो. पुष्कळ वेळां हा पाहुणा दुसरा तिसरा कोणी नसून आपल्याच शाळेंतील गुरुजी असतात. चारदोन पावसाळ्यांत तो आंकडा पुसला जातो व आपण त्यास विसरतों. परंतु त्या आंकड्याच्या द्वारें आपलें घर देशाच्या हिशेबांत जमा झालेलें असतें. हा आंकडा कसा पडतो, त्यापासून काय निष्पन्न होतें, आणि त्यांतील कोणता भाग जगजाहीर होतो व कोणता कुलपांत राहतो, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावें, म्हणून हा अल्प प्रयत्न.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ह्या कामास आपल्या भाषेंत जुना शब्द आहे 'खानेसुमारी'. दवाखाना, कारखाना, तोफखाना ह्या शब्दांत जो 'खाना' आहे तोच हा. फारशींत त्याचा अर्थ घर असा होतो, आणि 'शुमार' म्हणजे गणती. तेव्हां खानेसुमारी म्हणजे माणसांची नव्हे, तर घरांची मोजदाद. 'शिरगणती' व 'जनगणना' हे शब्द माणसाकडे बोट दाखवितात. खानेसुमारी हा शब्द दाराकडे दाखवितो. आणि कामाचा खरा क्रमही तोच आहे. मुंबई शहराची खानेसुमारी १ फेब्रुवारी १८६४ रोजीं झाली. त्या वेळीं लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. पुढें १८७२ च्या सुमारास सबंध देशाची पहिली मोजणी झाली, ती निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळीं. आणि १८८१ सालीं प्रथमच ती सर्वत्र एकाच वेळीं करण्यांत आली. आजही आधीं घरांची यादी होते व कांहीं महिन्यांनीं माणसें मोजलीं जातात. कारण उघड आहे. माणूस शेतावर जातो, यात्रेस जातो, पोटासाठीं परगांवीं जातो. घर मात्र आपली जागा सोडीत नाहीं. ज्यास दार सांपडलें त्यास माणूस सांपडतो.

आतां घर म्हणजे काय? प्रश्न पोरकट वाटेल, पण सरकारास तो सोडवावा लागतो. चार भिंती व छप्पर म्हणजे घर असें म्हटलें तर एका जुन्या वाड्यांत दहा बिऱ्हाडें राहतात, त्यांचें काय करावें? चाळींतील प्रत्येक खोलीचें काय? म्हणून खानेसुमारीनें दार ही कसोटी ठरविली आहे. रस्त्यावरून, सामाईक अंगणांतून किंवा जिन्यावरून ज्या भागास स्वतंत्र मुख्य प्रवेशद्वार आहे तें एक घर. मग त्यांत कोणी राहो, दुकान असो, देवालय असो, वा तें रिकामें असो. कुटुंबाची कसोटी ह्याहून गोड आहे. जीं माणसें नेहमीं एकत्र राहतात व एकाच चुलीवरचें अन्न खातात, तें एक कुटुंब. रक्ताचें नातें असलेंच पाहिजे असें नाहीं. सख्खे भाऊ एका छपराखालीं राहून चुली वेगळ्या करतील तर कुटुंबें दोन. आणि परकीं माणसें एका चुलीवर जेवतील तर कुटुंब एक. आपल्या वसतिगृहांतील मुलांची नोंदही 'संस्थात्मक कुटुंब' ह्या सदराखालीं होते, हें ऐकून त्यांस मौज वाटेल.

यादी करणाऱ्यास प्रगणक म्हणतात. साधारणतः सव्वाशें ते दीडशें कुटुंबांचा एक गट त्याच्याकडे सोंपवितात. तो प्रथम सर्व वस्ती पायांखालीं घालतो व नजरेच्या अंदाजानें नकाशा काढतो. त्यांत पक्की इमारत चौकोनानें व कच्ची त्रिकोणानें दाखवितात; राहण्याव्यतिरिक्त अन्य उपयोगाची असेल तर ती आकृति रेषांनीं भरतात. नंतर वायव्येच्या कोपऱ्यापासून क्रमांक घालीत घालीत आग्नेयेस येऊन पोहोंचतात. दहाव्या इमारतींत तीन घरें असलीं तर तीं १०(१), १०(२), १०(३) अशीं लिहितात. पुढें दहा व अकरा ह्यांच्या मध्यें नवी इमारत आढळली, तर तिला १०/१ हा क्रमांक मिळतो. सर्व यादी विसकटावी लागत नाहीं. ज्या वस्तीस रस्त्याचें नांव नाहीं, जेथें टपालवाल्यासही विचारीत विचारीत जावें लागतें, तेथील झोंपडीसही ह्या रीतीनें एक पत्ता मिळतो. बंगल्यास एक क्रमांक, झोंपडीसही एकच. आपल्या समाजांत अशी समता फार थोड्या ठिकाणीं दृष्टीस पडते.

क्रमांक पडला म्हणजे प्रश्न सुरू होतात. २०११ च्या खानेसुमारीची घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०१० ह्या काळांत झाली; तींत ३५ प्रश्न होते. भिंत कशाची, छप्पर कशाचें, खोल्या किती, पाणी कोठून आणतां, दिवा कशाचा, चुलीस सर्पण काय, शौचालय आहे काय, अशा स्वरूपाचे ते होते. ह्या उत्तरांच्या बेरजा सरकारनें छापून प्रसिद्ध केल्या आहेत व त्या पाहण्याची कोणासही मोकळीक आहे. तालुका, गांव व शहरांतील प्रभाग येथपर्यंतचे आंकडे मिळतात. शिवाय १९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याची वेगळी पुस्तिका निघत आलेली आहे.

त्यांतील थोडे आंकडे येथें देतों. देशांत एकंदर घरें ३३.०८ कोटी भरलीं व कुटुंबें २४.६७ कोटी. घरें अधिक कां? तर दुकानें, गुदामें, देवळें हींही घरांतच मोजलीं. शाळा व महाविद्यालयें त्यांत सुमारें २१ लाख होतीं. कुटुंबांपैकीं शेंकडा ३७.१ एकाच खोलींत संसार करीत होतीं. शेंकडा ६७.२ कुटुंबांत विजेचा दिवा होता व ३१.४ कुटुंबें रॉकेलच्या दिव्यावर भागवीत होतीं. पाणी घराच्या आवारांतच मिळतें असें सांगणारीं कुटुंबें शेंकडा ४६.६, म्हणजे अर्ध्याहून अधिक घरांतून कोणाला तरी, आणि तें कोणी म्हणजे बहुधा आई किंवा बहीण, हंडा घेऊन उंबरठ्याबाहेर पडावें लागत होतें. दूरध्वनि किंवा भ्रमणध्वनि शेंकडा ६३.२ कुटुंबांत होता, परंतु आवारांत शौचालय केवळ ४६.९ कुटुंबांत. दूरच्या माणसाशीं बोलण्याची सोय झाली, पण घरच्या माणसाची लाज राखण्याची झाली नव्हती! हें शल्य एखाद्या वक्त्याच्या भाषणापेक्षां त्या दोन आंकड्यांनींच अधिक बोंचतें.

मात्र आंकडे वाचतांना दोन पथ्यें पाळावींत. पहिलें, शेंकडा म्हणजे कशाचा शेंकडा, हें आधीं पाहावें. वरील प्रमाणें कुटुंबांचीं आहेत, घरांचीं किंवा माणसांचीं नव्हेत. दुसरें, कोष्टक हें एका काळचें छायाचित्र असतें. २०१४ च्या ऑक्टोबरांत स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून असंख्य शौचालयें बांधलीं गेलीं. तीं ह्या चित्रांत दिसणार नाहींत. पुढील खानेसुमारी २०२१ सालीं व्हावयाची, ती करोनाच्या सांथीमुळें लांबली. २०२७ च्या खानेसुमारीची अधिसूचना जून २०२५ मध्यें निघाली व तिच्या घरयादीचें काम २०२६ सालांत ठरविण्यांत आलें. तेव्हां जुन्या आंकड्यावरून आजचा निकाल देण्याची घाई करूं नये.

येथें एखाद्या पालकाच्या मनांत शंका येईल : "आमच्या घराची एवढी झडती घेऊन सरकार ती चारचौघांत मांडतें, हें बरें काय?" शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर १९४८ च्या खानेसुमारी कायद्यांत आहे. बेरजा सर्वांच्या, पण नोंद कोणाचीही नाहीं. प्रगणकानें भरलेला कागद पाहण्याचा हक्क कोणासही नाहीं. त्यांतील मजकूर कोणत्याही दिवाणी दाव्यांत पुरावा म्हणून चालत नाहीं, आणि फौजदारी खटल्यांतही, तो ह्याच कायद्याखालील नसेल तर, चालत नाहीं. गुप्त मजकूर फोडणारा अधिकारी शिक्षेस पात्र होतो. ह्यास्तव दारावरील क्रमांकानें कोणाची मालकी सिद्ध होत नाहीं, तसा त्यावरून कोणावर दावाही सांगतां येत नाहीं. हा कायदा लोकरीतीसही मान देतो. प्रश्नांस उत्तर देणें सर्वांस बंधनकारक आहे. तथापि रूढीप्रमाणें जी स्त्री आपल्या पतीचें नांव उच्चारीत नाहीं, तिला तें सांगण्याची सक्ति नाहीं. उखाण्यावांचून नांव न घेणाऱ्या आपल्या आजीबाईंची सोय कायदेपंडितांनीं पाहिली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ही गुप्तता केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. ती मोडली तर काय ओढवतें, ह्याचें उदाहरण हॉलंड देशांत घडलें. तेथें नगरपालिकेच्या दप्तरीं प्रत्येक रहिवाशाचें नांव, पत्ता व धर्म ह्यांची व्यवस्थित नोंद असे. ती चांगल्या हेतूनेंच ठेविली होती. परंतु १९४० सालीं जर्मन फौजांनीं देश व्यापला आणि त्याच नोंदींच्या आधारें यहुदी कुटुंबें हुडकून काढलीं जाऊं लागलीं. तेव्हां २७ मार्च १९४३ च्या रात्रीं कांहीं देशभक्तांनीं पोलिसांचे वेष धारण करून ॲमस्टरडॅम येथील दप्तरखान्यांत प्रवेश केला. पहारेकऱ्यांचे प्राण जाऊं नयेत म्हणून त्यांस औषधानें निजवून बाहेर आणलें, आणि मग दप्तरास आग लावली. नोंदींचा कांहीं भाग जळाला. पुढें त्या मंडळींपैकीं बाराजणांस गोळ्या घालण्यांत आल्या. आपल्या खानेसुमारींत बेरीज उघडी व नोंद बंद कां ठेवितात, हें त्या बाराजणांच्या मरणावरून कळतें. पत्ता कळला म्हणजे मदतही दारापर्यंत येऊं शकते आणि संकटही.

सरकारनें आपलें वचन पाळावें, तसें आपणही आपलें पाळावें. कायद्याची भीति नसली तरी लाजेची असते. घरांत शौचालय नसतां "आहे" असें सांगावें, केंबळाच्या छपरास कौलारू म्हणावें, असा मोह कित्येकांस होतो. त्यांत नुकसान कोणाचें? एकाच्या खोट्या उत्तरानें त्याची स्वतःची अब्रू वाढत नाहीं, कारण तें उत्तर कोणी वाचणारच नसतो. पण गांवाची बेरीज मात्र चुकते, आणि पाण्याचा नळ किंवा दवाखाना कोठें अधिक हवा हें ठरवितांना ती चूक सर्व गांवास भोंवते.

शेवटीं एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधून हा लेख संपवितों. ज्यांना दारच नाहीं, त्यांचा आंकडा कोठें लिहावयाचा? त्यांच्यासाठीं २८ फेब्रुवारी २०११ ची रात्र राखून ठेविली होती. त्या रात्रीं प्रगणक फलाटांवर, पुलांखालीं, देवळांच्या पायऱ्यांवर व रस्त्यांच्या कडेस कंदील-विजेऱ्या घेऊन फिरले आणि त्यांनीं देशांतील बेघर माणसें मोजलीं. तीं १७ लाख ७३ हजार भरलीं. त्याच खानेसुमारींत रिकामीं आढळलेलीं घरें होतीं सुमारें अडीच कोटी. तीं कां रिकामीं होतीं हें कोष्टक सांगत नाहीं, व त्यांवर ह्या माणसांचा हक्क होता असेंही नव्हे. परंतु हे दोन आंकडे एकाच पुस्तकांत शेजारीं शेजारीं उभे आहेत. विद्यार्थ्यांनो, उद्यां ज्या वेळीं प्रगणक तुमच्या दाराशीं येईल, त्या वेळीं त्यास बसावयास पाट द्या, पाणी विचारा, आणि आईबाबांस खरें तेंच सांगण्याची आठवण करा. आणि त्याच्या यादींतील शेवटचीं माणसें, ज्यांच्यासाठीं त्यास रात्रीं बाहेर पडावें लागतें, तीं तुम्ही मोठे व्हाल तोंवर कमी कशीं होतील, ह्याचाही विचार मनांत बाळगा.