'वेअर' एक, क्रियापदे अनेक



परकी भाषा शिकणाऱ्यास पहिली ठेच बहुधा सोप्या शब्दाचीच लागते. इंग्रजीतील 'वेअर' हे असेच एक निरुपद्रवी दिसणारे क्रियापद आहे. सदरा, जोडा, टोपी, चष्मा, अंगठी, अत्तर, अंगावर जे जे येते त्या सर्वांना इंग्रजी माणूस ते लावतो. जपानी शिकणारा विद्यार्थी कोशात पाहून 'वेअर म्हणजे किरु' असे टिपून घेतो आणि 'कुत्सु ओ किरु', म्हणजे 'जोडा किरु', असे लिहून मोकळा होतो. आपल्या कानाला 'त्याने जोडा नेसला' हे जसे लागेल, तसेच ते जपानी कानाला लागते.

वस्तू शरीराच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या रीतीने येते, हे पाहून जपानी भाषा क्रियापद निवडते. सदरा, कोट, किमोनो असे खांद्यावरून अंगात येणारे कपडे 'किरु'. विजार, मोजे, जोडे असे पाय आत घालून चढवायचे ते 'हाकु'. टोपी डोक्यावरून येते, म्हणून 'काबुरु'. डोक्यावरून पाणी ओतून घेणे हेही 'काबुरु'च. चष्मा कानांवर अडकवतात, म्हणून 'काकेरु'. भिंतीवर चित्र टांगण्यासही हेच क्रियापद. टाय किंवा किमोनोवरचा 'ओबी' हा पट्टा आवळून बांधायचा, तेव्हा 'शिमेरु'. अंगठी बोटात बसवायची ती 'हामेरु' आणि अत्तर लावायचे ते 'त्सुकेरु'. हातमोज्यांनाही सामान्यतः 'हामेरु' म्हणतात. परंतु उत्तरेकडील होक्काइदो बेटावर लोक हातमोजेही 'हाकु' करतात!

ही क्रियापदे नामांतही उतरली आहेत. 'मोनो' म्हणजे वस्तू. त्यावरून 'किमोनो' म्हणजे अंगात घालायची वस्तू आणि 'हाकिमोनो' म्हणजे पादत्राण. वस्तू अंगावरून उतरवताना मात्र वाटणी बदलते. कपडे, जोडे, टोपी यांना 'नुगु' हे एकच क्रियापद पुरते. चष्मा व अंगठी यांना 'हाझुसु' लागते.

आणखी एक मेख आहे. 'वेअर' हे क्रियापद मुख्यतः अंगावर असण्याची स्थिती सांगते. 'किरु' आणि 'काकेरु' मूळ रूपात कृती सांगतात. स्थितीसाठी 'किते इरु', 'काकेते इरु' अशी रूपे योजावी लागतात. इंग्रजीतून विचार करणारा येथे अडखळतो. मराठी माणसाने अडखळण्याचे कारण नाही. 'त्याने चष्मा घातला' ही कृती आणि 'त्याने चष्मा घातला आहे' ही स्थिती, हा भेद आपण रोजच पाळतो.

किंबहुना, आपली मराठीही या बाबतीत जपानीइतकीच चोखंदळ आहे. आपण सदरा घालतो, धोतर आणि लुगडे नेसतो, शाल पांघरतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. आपल्या आज्या दागिने लेत असत. मात्र आपली कसोटी वेगळी आहे. जपानी भाषा शरीराचा भाग पाहते. मराठी भाषा वस्त्र शिवलेले की बिनशिवलेले, हेही पाहते. म्हणून आपले 'नेसणे' जपानीत जसेच्या तसे सापडत नाही. साडी सर्वांगाला वेढते, म्हणून जपानी माणूस तिलाही 'किरु'च म्हणतो. उलट, किमोनो शिवलेला व बाह्यांचा, म्हणून आपण तो घालू. त्यावरील ओबी मात्र बांधू.

आपल्या इंदुरात हा विषय केवळ जपानीपुरता राहत नाही. सभोवतालच्या हिंदीत साडी, जूते, टोपी, अंगूठी या सर्वांना 'पहनना' चालते. घरातील मूल 'आईने साडी घातली' असे म्हणू लागते आणि आपण ते सोडून देतो. हिंदीचा यात काही दोष नाही. तिची सूक्ष्मता अन्यत्र आहे. परंतु 'नेसणे' गेले की वस्त्राकडे पाहण्याची एक दृष्टी त्याबरोबर जाते. ती ज्याच्यापाशी शाबूत आहे, त्याला 'किरु' आणि 'हाकु' यांतील भेद घोकावा लागत नाही. एका वस्तूला एक आणि दुसरीला दुसरे क्रियापद का, हा प्रश्न त्याच्या ओळखीचा असतो.

म्हणून विद्यार्थ्यांना एकच विनंती. परकी भाषा शिकताना वहीत इंग्रजी अर्थाशेजारी मराठी अर्थासाठीही एक रकाना आखा. तो भरताना शब्द अडला, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्या निमित्ताने दोन भाषा पदरी पडतील: एक नवी, आणि एक आपलीच.